घरात कोत नसतो

सकाळी ७.१५

पाटण तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्यात गोपनीय विभागाचं काम एक महिला हवालदार बघतात. आपलं नाव आणि ठाणं लिहायचं नाही, ही त्यांची अट. ज्यांच्या घरी त्या दिवशी आम्ही गेलो, त्यांचीही तीच. ठाण्यात सगळे त्यांना मॅडम म्हणतात, म्हणून इथेही मॅडमच.

पौष महिना. पालच्या खंडोबाची यात्रा तीन दिवसांवर आलेली. तारळी नदीच्या काठावर खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं, भंडारा उधळला जातो, लाखो माणसं येतात, आणि आसपासच्या ठाण्यांतला निम्माअधिक स्टाफ बंदोबस्ताला जातो. मॅडमही जाणार आहेत. म्हणून आज टेबल मोकळं करायचं, असं ठरवून त्या लवकर आल्या आहेत.

टेबलावर पासपोर्टच्या पडताळण्या आहेत, नोकरीसाठी मागितलेले चारित्र्याचे दाखले आहेत, कुणाच्या मोर्चाचं निवेदन आहे, साखर कारखान्याच्या सभेचा अहवाल पाठवायचा आहे. शस्त्र परवान्याच्या फायली दोनच, आणि त्या सगळ्यांत खाली. यात कुणाचा आकस नाही. पासपोर्टला किती दिवस झाले ते वरच्या कार्यालयाला दिसतं, अर्जदारालाही मोबाइलवर दिसतं. मोर्चाचा अहवाल आज गेला नाही तर आजच फोन येतो. शस्त्राच्या फायलीवरून सहसा कुणी फोन करत नाही, म्हणून ती खाली जाते. मॅडम आज ती वर काढतात.

सकाळी ८.३०

हजेरी. बंदोबस्ताची यादी वाचून दाखवली जाते. कोण पालला, कोण रस्त्यावर, रात्री कोण. दहा मिनिटांत आटोपतं.

सकाळी ९.४०

पहिली फाइल. अर्जदार मराठा लाइट इन्फन्ट्रीतून नाईक म्हणून निवृत्त झालेले. गावात त्यांना फौजी म्हणतात. गाव या ठाण्याच्या हद्दीत, पण गेली काही वर्षं नोकरी सांगलीजवळ कुपवाडच्या एमआयडीसीत. एका गोदामावर सुरक्षारक्षक. तिथे खोली भाड्याने, बायको आणि आई गावी, मुलगी कऱ्हाडला शिकायला. सिक्युरिटी एजन्सीने सांगितलंय की स्वतःचा परवाना आणि स्वतःची बारा बोअर असेल तर रोकड नेणाऱ्या गाडीवर घेऊ. काठी घेऊन उभं राहणारा रक्षक आणि गनमॅन यांच्या पगारात फरक असतो. साताऱ्याच्या आणि सांगलीच्या किती माजी सैनिकांचं दुसरं आयुष्य या फरकावर चालतं, हे इकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावातच मिलिटरी आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जवान कामी आले.

आपल्याकडे बंदूक दुकानात जाऊन घेता येत नाही. आधी परवाना, मग दुकान. चौकशी होते ती परवान्याच्या वेळी. १९५९च्या शस्त्र कायद्यातलं तेरावं कलम सांगतं की अर्ज आला की परवाना देणाऱ्याने जवळच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागवायचा. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे परवाना देणार जिल्हाधिकारी, म्हणजे जिल्हादंडाधिकारी. २०१६च्या शस्त्र नियमांनी ठाण्याला अहवालासाठी ३० दिवस दिले आहेत आणि अहवाल हाती आल्यावर निर्णयासाठी ६० दिवस. कागदावर तीन महिन्यांचं काम. फौजींचा अर्ज वर्षभर फिरतो आहे.

मॅडम फाइल पानापानाने वाचतात. ए-१ नमुन्यातला अर्ज, आधार, डिस्चार्ज बुकाची प्रत, शरीर आणि मन धड असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र. मग एक कागद बाजूला काढतात. आठ वर्षांपूर्वीचा एक अदखलपात्र गुन्हा. बांधावरून चुलतभावाशी वाद, शिवीगाळ. सीसीटीएनएसवर, म्हणजे पोलिसांच्या संगणकीय नोंदींत, नाव टाकलं की एवढंच दिसतं, एक ओळ आणि एक नंबर. कायद्याने यामुळे परवाना अडत नाही. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल तर ती भोगून झाल्यावर पाच वर्षं बंदूक बाळगता येत नाही. इथे शिक्षा सोडाच, खटलाही नाही. पण त्या एका ओळीमागे काय होतं, ते गावात गेल्याशिवाय कळणार नाही.

सकाळी १०.२०

सांगलीला फोन. अर्जदार कुपवाडला राहतो, म्हणून तिथल्या हद्दीतल्या ठाण्याचाही अहवाल लागतो. तिकडे पत्र गेलंय. पण इथल्या ठाण्यातून थेट नाही. उपविभागीय अधिकाऱ्यांमार्फत साताऱ्याच्या पोलीस अधीक्षक कार्यालयात, तिथून सांगलीच्या अधीक्षक कार्यालयात, तिथून खाली ठाण्यात. उत्तर त्याच पायऱ्या चढून येणार. पलीकडचे अंमलदार सांगतात की पत्र मिळालं, पण अर्जदार पत्त्यावर सापडला नाही. साहजिक आहे. तो रात्रपाळीला असतो आणि सुटीला गावी येतो. दोन वेळा दार बंद दिसलं, तसा शेरा मारून कागद परत पाठवायच्या बेतात होते.

‘परत नका पाठवू,’ मॅडम म्हणतात. ‘सकाळी आठ ते दहा तो खोलीवर असतो. मोबाइल नंबर देते, लिहून घ्या. आणि घरमालकाचा जबाब जरूर घ्या, तो खालीच राहतो.’

तीन मिनिटांचा फोन. तो झाला नसता तर ‘पत्त्यावर मिळून आला नाही’ हा शेरा घेऊन कागद साताऱ्याला आला असता, फौजींना त्रुटीचं पत्र गेलं असतं, त्यांनी खुलासा दिला असता आणि पत्र पुन्हा पहिल्या पायरीपासून निघालं असतं. वाळवा, शिराळा, तासगाव आणि खानापूर हे तालुके १९४९पर्यंत सातारा जिल्ह्यातच होते. त्या वर्षी दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६०मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. आज कऱ्हाडहून सांगलीला माणूस दीड-दोन तासांत पोचतो. त्याच्याबद्दलचा कागद पोचायला महिने लागतात, हे मला पटत नाही.

फायलीत तिसरा फेरा आहे, तो वनखात्याचा. फौजींचं गाव कोयना अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत येतं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. त्याचं चौतिसावं कलम सांगतं की अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या परिघात नवीन शस्त्र परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती हवी. ते बसतात नागपूरला. बंदूक चालवायची कुपवाडला, मग नागपूरची संमती कशाला, असं फौजींना वाटतं. पण सुटीला माणूस गावी येणार, बंदूकही येणार, आणि घराच्या वरच्या अंगाला सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचं रान आहे. अट बरोबर आहे. चुकतं आहे ते एवढंच की ठाणं, सांगली आणि वनखातं यांना पत्रं एकाच दिवशी जायला हवी होती. ती एकामागून एक निघत आहेत. पहिलं उत्तर आलं की दुसरं पत्र, असं. वर्ष गेलं ते तिथे.

सकाळी ११.१५

गावाकडे. बेलवडे-मल्हारपेठच्या बाजूला ऊसतोड जोरात आहे, रस्त्यावर बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. मॅडम दुचाकीवर पुढे, मी मागे. नदीकाठ सुटला की चढ लागतो, ऊस संपतो आणि नाचणी-भाताची खाचरं सुरू होतात.

सकाळी ११.५०

आधी पोलीस पाटील. त्यांच्या ओसरीवर मॅडम बसत नाहीत, उभ्यानेच विचारतात. माणूस कसा? दारू? देणं-घेणं? निवडणुकीत कुणाच्या मागे पुढे? पाटील चांगलंच सांगतात. ते चांगलं सांगणार, हे मॅडमना ठाऊक आहे, पाटील आणि फौजी एकाच वाडीचे. त्या लिहून घेतात आणि तिथून सरळ चुलतभावाच्या घरी जातात. ज्याच्याशी वाद झाला त्याच्याकडे आधी.

चुलतभाऊ गोठ्यात वैरण टाकत होता. बंदुकीचं नाव काढताच हातातली पेंढी खाली ठेवली.

‘त्येला बंदूक देणार का?’

‘द्यावी का, तेच विचारायला आलेय. तुमचा काय अनुभव?’

तो बराच वेळ बोलला. बांध कुणी कोरला, मोजणी कधी झाली, त्या दिवशी कोण काय म्हणालं. मॅडमनी मध्ये तोडलं नाही. शेवटी विचारलं, ‘अंगावर हात टाकला होता का त्यांनी? कोयता-काठी काही?’

‘न्हाई. हात न्हाई टाकला. खोटं कशाला बोलू.’ मग थोडं थांबून, ‘मोजणी झाल्यावर त्यो आपनच म्हनला, ऱ्हाउंद्या, हितनं फुडं नको. आता बोलतोय आमी.’

सीसीटीएनएसवरच्या त्या ओळीमागे हे होतं. ते काढायला पंचवीस मिनिटं लागली. हे काम कुठल्याही संगणकाला जमणार नाही, आणि टेबलावर बसून ‘अर्जदाराविरुद्ध एक अदखलपात्र गुन्हा दाखल आहे’ एवढंच लिहून पाठवणाऱ्या अंमलदारालाही जमणार नाही. तसं लिहिलं असतं तर वरच्या टेबलावर फाइल नक्की अडकली असती.

मग अर्जदाराचं घर. फौजी आज मुद्दाम सुटी काढून आलेले. चहा आधीच उकळत होता. त्यांच्या मनात जे साठलं होतं ते पहिल्या पाच मिनिटांत बाहेर आलं.

‘मॅडम, सतरा वर्षं सरकारनं माझ्या हातात रायफल दिली. काश्मीरला दिली, आसामला दिली. तवा कुनी इचारलं न्हाई शेजारी काय म्हंत्यात. आता एक बारा बोअर मागतोय तर वरीस झालं.’

त्यांचा राग खरा आहे आणि मला तो समजतो. मॅडमनी उत्तर दिलं, तेही तितकंच खरं.

‘फौजेत ड्युटी संपली की रायफल कुठे जायची?’

‘कोतमधी. जमा. सही करून.’ कोत म्हणजे पलटणीचं शस्त्रागार.

‘चावी कुणाकडे?’

‘कोत एनसीओकडं.’

‘घरात कोत नसतो, फौजी. इथं बंदूक रात्रंदिवस तुमच्या डोक्याशी असणार. पोरगी आहे, आई आहे, पाहुणे येणार. म्हणून विचारावं लागतं.’

फौजी गप्प झाले. मग उठून त्यांनी आतली खोली दाखवली. भिंतीत बोल्ट मारून बसवलेलं लोखंडी कपाट, नवं, अजून ग्रीसचा वास येणारं. काडतुसांसाठी वेगळा कप्पा, वेगळं कुलूप. परवाना हातात नसताना माणसाने हे आधी करून ठेवलं होतं. मॅडमनी कपाट ओढून बघितलं, कुलूप लावून-काढून बघितलं, फोटो घेतला.

यानंतर जे झालं ते पडताळणीच्या कुठल्याही नमुन्यात नाही. मॅडम म्हणाल्या, ‘वहिनी, जरा परसात चला, वाफे दाखवा.’ दोघी मागे गेल्या. मी आणि फौजी ओसरीवर. पंधरा-वीस मिनिटांनी परत आल्या.

परतीच्या वाटेवर मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, ‘घरात भांडण झालं की हे काय करतात, एवढंच विचारते. पुरुषासमोर बाई उत्तर देत नाही. एका घरी अशीच गेले होते, कागद सगळे चोख, शेजारीपाजारी चांगलं बोलणारे. परसात गेल्यावर बाईनं नुसता पदर बाजूला करून दंड दाखवला. त्या फायलीवर मी काय लिहिलं असेल, तुम्हीच समजा.’

‘आणि आज?’

‘आज वहिनी म्हणाल्या, भांडण झालं की हे रानात जातात आणि अंधार पडल्यावर येतात. बंदूक आली तर चावी मी ठेवीन म्हणतायत. ते लिहिणार आहे.’

गावात एकूण एक तास चाळीस मिनिटं गेली. पडताळणी म्हणतात ती एवढीच, आणि ती नीट झाली तर तिच्याइतकं मोलाचं काम या साखळीत दुसरं नाही. उरलेलं वर्ष चौकशीत गेलेलं नाही. ते आवक-जावकच्या नोंदींमध्ये गेलं आहे.

दुपारी २.१५

दुसरी फाइल. वरच्या वाडीतले एक शेतकरी, वय साठीच्या पुढे, पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक हवी. गव्यांनी नाचणी तुडवली, रानडुकरांनी भुईमूग उकरला, माकडांनी फणस ठेवले नाहीत. सगळं खरं, पंचनामे आहेत. पण त्यांची समजूत अशी की परवाना आला की डुक्कर मारता येईल. तसं नाही. वन्यप्राण्याला मारायचं तर वनखात्याची वेगळी परवानगी लागते, गव्याच्या बाबतीत तर विचारायलाच नको. बंदूक असली तरी बार हवेतच काढायचा. मॅडम हे त्यांना दोनदा समजावून सांगतात, शेजारी मुलाला बसवून. म्हातारबा म्हणतात, ‘बाई, मग फटाकडं काय वाईट?’ मुलगा म्हणतो, अर्ज राहू द्या, वारस म्हणून पुढे मलाही लागेल. जबाब लिहून घेतला, सातबारा तपासला, निघालो.

दुपारी ३.३०

ठाण्यात परत. डबा टेबलावरच, एका हाताने टायपिंग.

अहवाल लिहिणं हे या कामातलं दुसरं जबाबदारीचं काम. ‘हरकत नाही’ असं दोन शब्दांत लिहिता येतं. ‘हरकत आहे’ हेही लिहिता येतं, आणि अनेकदा तेच लिहिलं जातं, कारण नाही म्हणणाऱ्यावर पुढे कधी काही शेकत नाही. मॅडम दीड पान लिहितात. बांधाचा वाद काय होता, कसा मिटला, चुलतभावाचा जबाब सोबत जोडला. कपाट कसं, चावी कुणाकडे. शेवटी आपलं मत, स्वतःच्या नावाने.

कायद्याच्या त्याच तेराव्या कलमात एक सोय आहे. ठाण्याचा अहवाल मुदतीत आला नाही, तर जिल्हादंडाधिकाऱ्यांना योग्य वाटल्यास ते अहवालाची वाट न बघता निर्णय देऊ शकतात. फौजींना कुणीतरी हे सांगितलं होतं आणि मघाशी त्यांनी ते बोलूनही दाखवलं. पण अहवालाशिवाय सही करणारा अधिकारी, उद्या काही घडलं तर, एकटाच उत्तर देणार. म्हणून सहसा कुणी करत नाही. आणि करू नये, असं माझं ठाम मत आहे.

अमेरिकेत अशी सोय रोज वापरात आहे. तिथे दुकानदार गिऱ्हाइकाचं नाव केंद्रीय यंत्रणेला कळवतो. १९९३च्या ब्रेडी कायद्यातून आलेली ती यंत्रणा १९९८च्या नोव्हेंबरात सुरू झाली. बहुतेक उत्तरं काही मिनिटांत येतात. पण कामाच्या तीन दिवसांत पक्कं उत्तर आलं नाही, तर दुकानदाराला बंदूक विकण्याची मोकळीक आहे. २०१५च्या एप्रिलमध्ये साउथ कॅरोलिनातल्या एका तरुणाच्या बाबतीत हेच झालं. त्याच्यावर अंमली पदार्थाचं प्रकरण होतं आणि त्यातली माहिती वेळेत मिळती तर त्याला पिस्तूल मिळालं नसतं. पण तपासणाऱ्या कर्मचारी चुकीच्या काउंटीच्या कार्यालयाकडे कागद मागत राहिल्या. कोलंबिया शहर दोन काउंट्यांत विभागलेलं, कागद होता दुसरीकडे. तीन दिवस सरले, पिस्तूल हातात पडलं. १७ जून २०१५ रोजी त्याने चार्ल्स्टनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये प्रार्थनेला जमलेल्या नऊ कृष्णवर्णीय माणसांचा जीव घेतला. एफबीआयच्या तेव्हाच्या प्रमुखांनी ही चूक जाहीर कबूल केली.

दोन शेजारी जिल्हे, एक पत्ता, चुकीच्या टेबलावर गेलेली विचारणा. सकाळचा सांगलीचा फोन मला इथे आठवला. आपल्याकडे कागद येईपर्यंत बंदूक मिळत नाही, त्यामुळे उशिराची किंमत फौजीसारखा माणूस पगारातून मोजतो. तिथे उशिराची किंमत चर्चमधल्या माणसांनी मोजली.

आपल्या देशातही पडताळणीला बगल दिली की काय होतं, ते जम्मू-काश्मीरमध्ये दिसलं. २०१२ ते २०१६ या काळात तिथल्या जिल्ह्यांमधून दोन लाख ७८ हजारांहून जास्त परवाने अपात्र लोकांना दिले गेले, असं सीबीआयचं म्हणणं आहे. राजस्थानच्या दहशतवादविरोधी पथकाने २०१७मध्ये हे प्रकरण उघडकीला आणलं. घेणाऱ्यांत तिथे कधीही न राहिलेली परराज्यातली माणसं होती. गावच्या ठाण्यात वर्ष-वर्ष लागतं, आणि दलाल म्हणतो तिकडून महिन्यात आणून देतो. सुरक्षारक्षकाच्या नोकरीसाठी ताटकळलेला माणूस त्या वाटेला लागतो आणि मग स्वतःच आरोपी होतो. इथला उशीर तिथल्या बाजाराला गिऱ्हाईक पुरवतो. फौजींनाही असा एक माणूस भेटला होता. त्यांनी नकार दिला, हे त्यांनी मला ओसरीवर सांगितलं, मॅडम परसात असताना.

सायंकाळी ५.१०

अहवालावर प्रभारी अधिकाऱ्यांची सही हवी. साहेब पालच्या बंदोबस्ताच्या बैठकीला गेलेले, आत्ताच आले. त्यांच्याभोवती चार जण उभे. मॅडम दाराशी थांबतात, बोलावणं येत नाही, तरी आत जातात आणि फाइल उघडून समोर ठेवतात. साहेब दीड पान पूर्ण वाचतात. ‘चुलतभावाचा जबाब मूळ जोडलाय ना?’ जोडलाय. सही, शिक्का, जावक नंबर.

पीक संरक्षणाच्या फायलीवर साहेब लिहितात, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांचा अभिप्राय सोबत मागवा. मॅडम विचारतात, ‘आपला अहवाल आजच पुढे पाठवू आणि अभिप्राय त्यांनी परस्पर द्यावा, असं पत्रात लिहू का?’ साहेब क्षणभर बघतात. ‘लिहा.’

सायंकाळी ६.००

टपाल उद्या सकाळी उपविभागीय कार्यालयात जाणार. शिपायाच्या पिशवीत दोन्ही लिफाफे घातले गेले, ते मॅडमनी स्वतः बघितलं. परवापासून त्या पालला. सोमवारपर्यंत हे टेबल रिकामं असणार, म्हणून बदली अंमलदारासाठी एका कागदावर लिहून ठेवलं: कुपवाडला सोमवारी अकराला फोन करणे, घरमालकाचा जबाब झाला का विचारणे, झाला असल्यास सांगली अधीक्षक कार्यालयाचा जावक क्रमांक घेणे.

मग फौजींना फोन. ‘आपल्या ठाण्याचा अहवाल झाला, उद्या जाईल. सांगलीचा अजून नाही. तुम्ही शुक्रवार-शनिवार सकाळी आठ ते दहा खोलीवरच थांबा, कुठं जाऊ नका. आणि नागपूरच्या संमतीचं पत्र गेलं का, ते साताऱ्याला कलेक्टर ऑफिसात गृह शाखेत जाऊन विचारा. नुसतं विचारू नका, पत्राचा नंबर आणि तारीख लिहून मागा.’

‘मॅडम, अजून किती दिवस लागतील?’

‘माझ्या हातातलं मी सांगितलं. पुढचं सांगता येत नाही. पण तारीख-नंबर हातात असला की फाइल कुठल्या टेबलावर आहे ते तरी कळतं. सोमवारी मी नसेन, बदली अंमलदाराचा नंबर पाठवते, त्यांना फोन करा.’